अँगोरा ससा पेण-रोह्यात आणावा का?



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातली ही गोष्ट. रोह्याकडच्या एका खेड्यातून येणारा नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुटीत वही घेऊन माझ्याकडे आला. त्याने मोबाईलवर अँगोरा सशांच्या पालनाचा एक व्हिडिओ पाहिला होता आणि त्यावरून हिशेब मांडला होता. पाच नर आणि पाच माद्या आणायच्या. एका मादीची वर्षाला पाच वेते, दर वेताला सहा पिल्ले, म्हणजे पाच माद्यांची दीडशे पिल्ले. मूळचे दहा धरून एकशे साठ ससे. दर सशामागे वर्षाला एक किलो लोकर, म्हणजे एकशे साठ किलो. त्याच्या वडिलांनी भातविक्रीतून थोडे पैसे बाजूला ठेवले होते. ते या कामात घालावेत असे घरात चालले होते.

"सर, यात चूक कुठे आहे का, ते सांगा," तो म्हणाला.

गुणाकारात चूक नव्हती. तरीही मी त्याला "आणू नका" असे सांगितले. पण कारण न देता दिलेला नकार ही केवळ मोठ्या माणसाची हुकमत झाली, त्यात विज्ञान नाही. म्हणून त्याला जे सविस्तर सांगितले तेच येथे लिहितो. पटले तर घ्या, न पटल्यास तुमचे आकडे मांडून मला खोटे पाडा.

हा ससा कोण?

तुर्कस्तानची राजधानी अंकारा हिचे जुने नाव अँगोरा. लांब, रेशमी केसांच्या शेळ्या, मांजरे आणि ससे या तिघांनाही हे नाव चिकटले आहे. अँगोरा शेळीच्या केसांना मोहेर म्हणतात. अँगोरा लोकर म्हणजे मात्र सशाची लोकर. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हे ससे पाळले जात होते. पुढे जर्मनीत निवड करून अधिक लोकर देणारा वाण तयार झाला.

या लोकरीचे गुण खरोखर नामी आहेत. तिचा तंतू सुमारे १२ ते १४ सूक्ष्ममीटर जाडीचा असतो. एक सूक्ष्ममीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उंची मेरिनो मेंढीचा तंतू वीसच्या आसपास, तर आपल्या डोक्यावरचा केस साठ ते ऐंशी सूक्ष्ममीटर भरतो. शिवाय अँगोरा तंतूच्या आत हवेच्या बारीक पोकळ्यांची रांग असते. हवा ही उष्णतेची मंदवाहक. त्यामुळे ही लोकर मेंढीच्या लोकरीपेक्षा हलकी असूनही अधिक ऊबदार लागते. तंतूचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने सूत कातताना तो निसटतो, म्हणून त्यात बहुधा मेंढीची लोकर मिसळतात.

तंतूच्या आत कोंडलेली हवा ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिच्यावरच उभा आहे.

विंचरण्याचे काम

लोकर दर ७५ ते ९० दिवसांनी, म्हणजे वर्षातून साधारण चार वेळा काढतात. बहुतेक ठिकाणी ती कात्रीने कापतात. चांगल्या थंड हवेत, उत्तम खाद्यावर जर्मन वाणाचा ससा वर्षाला किलोभर लोकर देतो आणि मादी नरापेक्षा अधिक देते. आपल्या देशातील पालकांच्या हाती पुष्कळदा त्याहून बरीच कमी येते. व्हिडिओतला 'एक किलो' हा परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचा आकडा आहे, सगळ्या वर्गाची सरासरी नव्हे.

दोन कापण्यांच्या मधल्या काळात सशाला नियमाने विंचरावे लागते. नाहीतर केसांच्या जटा होतात, जटांखाली कातडी ओली राहते आणि सडते. अशा जटेच्या लोकरीला भावही मिळत नाही. ससा स्वतःचे अंग चाटतो, तेव्हा केस पोटात जातात. मांजर केसांचा गोळा ओकून टाकते, पण सशाला ओकता येत नाही. पोटात केस साचले, त्यातून सुके गवत कमी पडले, की आतडे तुंबून तो मरू शकतो.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत ही एक ओळ वाढवू. एका सशाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा मिनिटे विंचरायचे असे धरू. म्हणजे आठवड्याला अर्धा तास. एकशे साठ सशांना ऐंशी तास! घरातील दोन माणसे इतर सर्व कामे सोडून रोज जवळजवळ सहा तास हातात फणी घेऊन बसतील तेव्हा हे काम पुरे होईल. भाताची लावणी कोणी करायची?

पिल्ले वाढतात, पण कशी?

सशांचे प्रजनन झपाट्याने होते, हे खरे. मादीच्या बीजकोशातून अंडे सुटण्यास नराशी संयोग हेच निमित्त असते. संयोगानंतर सुमारे दहा-बारा तासांनी अंडी सुटतात. गर्भकाळ ३१ दिवसांच्या आसपास असतो. विण्याआधी मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून घरटे मऊ करते. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात आणि सहा आठवड्यांनी ती आईपासून वेगळी करतात.

येथे आनुवंशशास्त्राचा एक सुरेख धडा आहे. सशाचे लांब केस हा अप्रभावी गुण आहे. अँगोरा आणि साधा आखूड केसांचा शुद्ध वाणाचा ससा यांचा संकर केला तर पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले आखूड केसांची निपजतात. त्यांचा आपसांत संकर केला तर दुसऱ्या पिढीत तीन आखूड केसांमागे एक लांब केसांचे असे प्रमाण येते. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी सस्तन प्राण्यांतील या अँगोरा केसांच्या वारशाविषयी लिहिले. १९९४ मध्ये उंदरांवरील संशोधनातून केसाची वाढ थांबवणारे एक जनुक सापडले. ते बिघडले की केस थांबायच्या वेळी थांबत नाही, वाढतच राहतो. म्हणजे लांब केस हे काही अधिकचे वरदान नाही. 'आता पुरे' असा निरोपच केसाच्या मुळाशी पोहोचत नाही, एवढेच.

"गावठी सशाशी संकर करून काटक वाण काढता येईल का?" असे पुष्कळ जण विचारतात. पहिली अडचण आत्ताच सांगितली: पहिल्या पिढीत लोकरच येणार नाही. दुसरी अडचण अशी की, पेण-रोह्याच्या माळावर आणि रानात दिसणारा आपला ससा हा पाळीव सशाच्या जातीचाच नाही. मराठीत दोघांनाही 'ससा' म्हणतात, एवढेच साम्य. आपल्या रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, पाळीव सशाच्या पेशीत ४४. रानससा बीळ खणत नाही आणि त्याची पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. दोघांचा संकर होत नाही. शिवाय रानससा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पण या रानसशाला नीट पाहा. आखूड केस, सडपातळ अंग, लांब पाय आणि लांबलचक कान. उन्हाळ्याच्या देशात राहणाऱ्या प्राण्याने कसे असावे, याचे उत्तरच तो पाठीवर घेऊन धावतो. अँगोरा ससा हे नेमके उलट उत्तर आहे.

उष्णतेचा जमाखर्च

आता मुख्य मुद्दा. सशाच्या शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. खाल्लेल्या अन्नातून शरीरात सतत उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकली नाही तर तापमान वाढत जाते. आपण घाम गाळतो. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो. सशाला उपयोगी पडेल असा घाम येत नाही आणि धापा टाकूनही फारसे साधत नाही. त्याची मुख्य सोय म्हणजे कान. कानांच्या पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते. गरम रक्त तेथे येते, हवेला उष्णता देते आणि थोडे थंड होऊन परत जाते.

यावर न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम लावून पाहू. वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. थंड हवेच्या गावी १८ अंश तापमानात सशाचे अंग आणि हवा यांत २१ अंशांचा फरक असतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ३६ अंश असले तर फरक उरतो फक्त ३ अंशांचा. २१ भागिले ३ म्हणजे ७. कानांतून जाणारी उष्णता ढोबळमानाने एक-सप्तमांश झाली! आणि उरलेल्या अंगावर हवा कोंडलेल्या तंतूंची दुलई पांघरलेली आहेच.

सशाला १५ ते २१ अंशांची हवा मानवते. तीसच्या वर त्याला त्रास सुरू होतो. तो खाणे कमी करतो आणि लोकर कमी धरतो. नराच्या शुक्रपेशी कमी होतात व दुबळ्या पडतात, म्हणून वेते वाया जातात. पस्तीसच्या वर बराच वेळ राहिला तर तो जिवानिशी जातो.

पेण आणि रोह्यात वर्षाचे किती दिवस कमाल तापमान तिसाच्या खाली राहते, ते तुम्हीच मोजा. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर गाजली होती. पण असा एखादा गाजलेला दिवस सोडून द्या. सशाला धोका आहे तो रोजच्या, कोणी बातमी न देणाऱ्या ३३-३४ अंशांचा आणि त्याबरोबरच्या दमटपणाचा.

पावसाळ्यात काय होते? तापमान थोडे उतरते, पण हवा ओलीचिंब होते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ओल्या हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून श्वासातून जी थोडी उष्णता जायची तीही नीट जात नाही. लोकर सुकत नाही, जटा वाढतात. खाद्याला बुरशी येते. आतड्यातले परजीवी दमट जागेत फोफावतात. म्हणजे उन्हाळ्यातून सुटलेला ससा पावसाळ्यात सापडतो.

हे केवळ माझ्या शब्दावर मानू नका. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीभोवती कोरडा कापूस गुंडाळा, तिसरीभोवती ओले फडके गुंडाळून ती वाऱ्यावर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. ओल्या फडक्याची बाटली म्हणजे घामाघूम झालेले तुम्ही. कापसातली बाटली म्हणजे अँगोरा ससा. हाच प्रयोग जानेवारीत करा आणि पुन्हा जुलैत करा. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले की मला जे सांगायला चार परिच्छेद लागले ते तुम्हाला एका नजरेत दिसेल.

"पण सर..."

माझा विद्यार्थी हुशार आहे. त्याने तीन आक्षेप घेतले आणि ते मांडण्याजोगे आहेत.

पहिला: उन्हाळ्यात लोकर कापून टाकली तर? कापलेल्या सशाला उकाडा कमी जाणवतो, हे बरोबर. पण ज्या प्राण्याला लोकरीसाठी पाळायचे त्याला मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बोडका ठेवायचे, तर लोकर कधी घ्यायची? आणि उष्णतेने त्याची लोकर मुळातच कमी होते.

दुसरा: खोली वातानुकूलित केली तर? करता येईल. पण विजेचे बिल लोकरीच्या पैशांतून फिटले पाहिजे. आणि वीज गेली तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड जिल्ह्यातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. आपण माणसे अंगणात बसून वारा घेतला. बंद खोलीतल्या एकशे साठ सशांनी काय केले असते? ज्या प्राण्याचा जीव रात्रंदिवस एका तारेवर टांगलेला असतो तो प्राणी आपण 'पाळला' असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडला. तो म्हणाला, "सर, पेणच्या गणपतीची शाडूची मातीसुद्धा गुजरातेतूनच येते की! मग ससा बाहेरून आणला तर काय बिघडले?"

मी म्हटले, "अरे, मातीला ऊन सोसावे लागत नाही. माती येथे आली की ती मूर्तिकाराच्या हाताला जशी हवी तशी होते. प्राणी आणतोस तेव्हा त्याचे शरीर येते, पण त्याची हवा मागेच राहते. पेणच्या कारागिरांनी बाहेरून आणली ती माती, आणि नाव कमावले ते हातांच्या कसबावर. तुलाही लोकरीचे काम करायचे असेल तर लोकर आण. ससा तेथेच राहू दे."

जेथे हा ससा नांदतो

'तेथे' म्हणजे कोठे? राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. पण तिने अँगोरा सशांचे काम राजस्थानच्या वाळवंटात मांडले नाही, तर हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यातील गडसा येथील आपल्या केंद्रात मांडले. हा निर्णयच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. कुलूच्या खोऱ्यात हवा थंड आहे, चारा आहे आणि शाली विणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. ससा, हवा आणि माग या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

तेथेही हा धंदा सुखाचा नाही. जगातील बहुतेक अँगोरा लोकर चीनमध्ये तयार होत आली आहे आणि तिच्या भावाशी आपल्या पालकांना झुंजावे लागते. त्यातच २०१३ मध्ये चीनमधील काही ठिकाणी जिवंत सशांचे केस उपटले जात असल्याची चित्रफीत जगासमोर आली आणि युरोपातील अनेक मोठ्या कापडविक्रेत्यांनी अँगोरा घेणे थांबवले. मागणी एका रात्रीत अशी पडू शकते. मग थंड हवेत राहणाऱ्याला जे कठीण जाते ते आपण एप्रिलच्या पेणमध्ये करू पाहावे काय?

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण घरातील पैशांचा प्रश्न आहे. व्हिडिओ करणारा माणूस काय विकतो ते पाहा. तो लोकर विकत नाही, सशांच्या जोड्या विकतो. ज्या धंद्यात मालापेक्षा पिल्लांची विक्री अधिक चालते, तो पिल्ले घेणारा नवा माणूस मिळेपर्यंतच टिकतो. तो मिळेनासा झाला की शेवटच्या माणसाच्या दारात पिंजरे उरतात. एमू पक्ष्यांच्या बाबतीत २०१२ च्या सुमारास हेच झाले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही तेव्हा हात पोळून घेतले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकरी असेच अडकले. एमू वाईट नाही, कडकनाथही वाईट नाही; तसाच अँगोराही वाईट नाही. वाईट होता तो न तपासलेला हिशेब.

लोकर तुमच्या शेतातून चालत जाते

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. माझ्या विद्यार्थ्याने लोकरीसाठी कुलूपर्यंत नजर टाकली, पण दरवर्षी दिवाळीनंतर घाट उतरून लोकरीचे कळप कोकणात येतात, ते त्याला दिसत असूनही दिसले नव्हते.

घाटावरचे धनगर बांधव भातकापणी झाली की मेंढ्या, घोडे, कुत्री आणि बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात ढवळपुरी परिसर आहे; तेथून कोकणात येणाऱ्या धनगरांच्या या वाटांचा अभ्यास झालेला आहे. रिकाम्या भातखाचरांत रात्री मेंढ्या बसवतात. लेंडी आणि मूत्र जमिनीत मिसळते, शेताला खत मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. घाटावर चारा संपलेला असतो तेव्हा येथे असतो. येथे खताची गरज असते तेव्हा मेंढ्या हजर असतात.

आणि पाऊस जवळ आला की ते परत घाट चढतात. का? चिखलात मेंढीची खुरे कुजतात. भातखाचरांतील गोगलगायींच्या आश्रयाने वाढणारा यकृतातला कृमी चाऱ्यावाटे मेंढीच्या पोटात जातो. दख्खनी मेंढी ही कोरड्या माळाची. धनगराने हे पुस्तकात वाचलेले नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने त्याला ते ठाऊक आहे. आपण सशासाठी यंत्राने हवा बदलू पाहतो. त्याने प्राण्यालाच मानवणाऱ्या हवेकडे चालत नेले. दोघांत अधिक शास्त्रीय कोण, ते तुम्ही ठरवा. मी माझे मत धनगराला दिले आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. तंतू चाळीस-पन्नास सूक्ष्ममीटरचा, म्हणजे अँगोराच्या तीन-चार पट. एका मेंढीची वर्षभराची लोकर अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास भरते आणि ती वर्षातून दोनदा कातरतात. तिचा मऊ स्वेटर होणार नाही. पण घोंगडी होते. सणगर समाजातील विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर ती विणतात. लोकर ओली न वाटता स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषून घेते, म्हणून पावसातही घोंगडी अंगावर ऊब देते. इरले आणि घोंगडी हे कोकणच्या पावसावरचे दोन जुने उपाय. तुमच्या आजोबांना विचारा.

आज या लोकरीचे काय होते? कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट आले, घोंगडीचा खप घटला. लोकरीला मिळणारा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर तेथेच टाकून देतात. ही मेंढी आपल्या हवेशी जुळलेली, तिला विंचरावे लागत नाही, तिच्यासाठी विजेची तार नको. आणि तिची लोकर कचऱ्यात जाते! अँगोरासाठी पैसे शोधणाऱ्या तरुणाने या एका गोष्टीवर डोके चालवले तर? जाड लोकरीचे नमदे होतात, बसकरे होतात, छपराखाली घालण्याचे उष्णतारोधक थर होतात. लोकरीत नत्र भरपूर असते, त्यामुळे कुंडीत आच्छादन म्हणूनही ती कामाची. ही सर्व कामे सोपी आहेत किंवा यांत हमखास पैसा आहे, असा दावा मी करत नाही. तसे केले तर माझ्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय राहिला? पण येथे चूक झाली तर हानी होईल ती पोतेभर लोकरीची. कोणाचा जीव जाणार नाही आणि वडिलांची पुंजीही बुडणार नाही.

तुम्ही काय कराल?

शिक्षकांना विनंती की, हा विषय विज्ञानमंडळाने हाती घ्यावा. शाळेच्या व्हरांड्यात दोन तापमापके टांगा, एकाच्या फुग्याला ओले फडके बांधा आणि वर्षभर दुपारी दोन वाजता दोन्हींची नोंद ठेवा. दोन्हींतील फरक जितका कमी तितकी हवा दमट. वर्षअखेर 'अँगोरा सशाला मानवणारे दिवस' आणि 'न मानवणारे दिवस' असे दोन रकाने भरा. मेंढ्या बसल्या असतील त्या शेताच्या मालकाला आणि मेंढपाळाला भेटा. केव्हा आले, कोठून आले, केव्हा जाणार आणि का, हे आदराने विचारा. मूठभर लोकर मागून आणा, कोमट साबणाच्या पाण्यात चोळून तिचा नमदा होतो का ते पाहा. मेंढ्या बसवलेल्या आणि न बसवलेल्या खाचरातील भाताची पुढच्या हंगामात तुलना करा.

कोणतीही नवी योजना दारात आली की तिला चार प्रश्न विचारा: या प्राण्याला आपली हवा बाराही महिने सोसेल का? त्याचे खाणे आपल्या गावात मिळते का? तो आजारी पडला तर त्याच्या दुखण्याची माहिती असलेला पशुवैद्य जवळ आहे का? आणि माल घेणारा कोण, त्याचे नाव आणि गाव ठाऊक आहे का? चारांपैकी एकाचे जरी उत्तर 'नाही' आले तरी पैसे खिशातच ठेवा.

माझा विद्यार्थी सध्या तापमानाची वही लिहीत आहे. घरातील पैसे अजून बाजूलाच आहेत. मध्यंतरी तो सांगत होता की, त्यांच्या खाचरात यंदा मेंढ्यांचा वाडा पडला आहे आणि त्याने पोतेभर काळी लोकर वडिलांच्या परवानगीने माळ्यावर ठेवली आहे. तिचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. पुढच्या वर्षी या वेळी त्याच्या वहीत काय आकडे असतील ते पाहून मी तुम्हाला कळवीन. तोवर तुमच्याही वह्या भरू द्या.